संशोधन शास्त्रज्ञांचं, मालकी प्रकाशकाची : रॉबर्ट मॅक्सवेलने हा धंदा कसा उभा केला?

जिस्लेन मॅक्सवेल हे नाव एपस्टीन प्रकरणामुळे तुमच्या फीडमध्ये अनेकदा येऊन गेलं असेल. पण तिच्या वडिलांमुळे जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या खिशाला जी कात्री लागली, तो किस्सा फारसा कुणी सांगत नाही.

एखादा रिसर्च पेपर वाचायचा म्हणून लिंक उघडावी आणि समोर तीस-चाळीस डॉलर भरा असा बोर्ड यावा, हे पीएचडी करणाऱ्यांना नवीन नाही. ही व्यवस्था एकट्या माणसाने उभी केली असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण त्यात किती पैसा आहे, हे सगळ्यात आधी ज्यांना कळलं त्यातला एक होता रॉबर्ट मॅक्सवेल.

त्याचा जन्म १० जून १९२३ चा. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात आणि आता युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यातलं अत्यंत गरीब ज्यू कुटुंब. मूळ आडनाव होख. नाझींनी त्याचे आई-वडील आणि बरीचशी भावंडं मारली. हा मात्र १९४० मध्ये ब्रिटनला पोहोचला, सैन्यात भरती झाला, नाव बदललं आणि १९४५ मध्ये मिलिटरी क्रॉस मिळवला.

युद्ध संपल्यावर त्याची नेमणूक बर्लिनमध्ये झाली. तिथे श्प्रिंगर या जर्मन प्रकाशन संस्थेकडे युद्धकाळात छापलेली वैज्ञानिक नियतकालिकं पडून होती आणि बाहेरच्या जगातले शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी आसुसले होते. मॅक्सवेलने ती विकायचे हक्क घेतले. १९५१ मध्ये त्याने एका छोट्या ब्रिटिश-जर्मन कंपनीचा तीन चतुर्थांश हिस्सा विकत घेतला आणि तिचं नाव ठेवलं पर्गमॉन प्रेस. उरलेला पाव हिस्सा पॉल रोजबाउडकडे होता. हा धातुशास्त्रज्ञ नाझी जर्मनीत राहून ब्रिटनसाठी हेरगिरी करत होता. (त्याच्यावर वेगळा पिक्चर निघेल!) विज्ञानाची जाण रोजबाउडची, पैशाची मॅक्सवेलची. १९५६ मध्ये दोघांचं फाटलं आणि रोजबाउड बाहेर पडला.

मॅक्सवेलच्या लक्षात काय आलं होतं? एका साबणाला दुसरा साबण पर्याय असतो, पण एका शोधनिबंधाला दुसरा नसतो. प्राध्यापकाला जो हवा तो हवाच. त्यामुळे नवं नियतकालिक निघालं की ग्रंथालय जुनं बंद करत नाही, नवं वाढवतं. वर वर्षाची वर्गणी आगाऊ मिळते. छापायच्या आधीच पैसा हातात.

१९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततापूर्ण वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. मॅक्सवेलनेही तिथेच मुक्काम ठोकला. शास्त्रज्ञांना गाठायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि संपादक म्हणून करारबद्ध करायचं, ही त्याची पद्धत. दोनच वर्षांत स्पुटनिक उडालं, सरकारांनी विज्ञानावर पैसा ओतला आणि त्यातला एक पाट पर्गमॉनकडे वळला. विज्ञान संस्थांची जुनी नियतकालिकं संथ होती, पर्गमॉन झटपट छापायचं. तेवढं श्रेय त्याला द्यावंच लागेल.

खरी मेख कॉपीराइटची. संशोधनाचा खर्च आणि पगार बहुतेकदा सरकारचा. पेपर शास्त्रज्ञ फुकट लिहितो. दुसरे शास्त्रज्ञ तो फुकट तपासतात. मग छापून यावं म्हणून लेखक हक्क प्रकाशकाला देऊन टाकतो आणि त्याच्याच विद्यापीठाचं ग्रंथालय तो पेपर विकत घेतं. १९७८ मध्ये अमेरिकेचा नवा कॉपीराइट कायदा लागू झाला. हक्क द्यायचा तर लेखी सही हवी, असं त्यात होतं. मग प्रकाशकांनी सहीचा फॉर्मच पुढे करायला सुरुवात केली. लेखकाच्या संरक्षणाची अट लेखकाच्याच गळ्याशी आली.

मॅक्सवेल पुढे खासदारही झाला, मजूर पक्षाकडून. पण १९६९ मध्ये पर्गमॉन विकत घ्यायला आलेल्या अमेरिकी कंपनीला हिशेबात घोळ दिसला. सरकारी चौकशीत निघालं की नफ्याचे आकडे त्याच्याच खासगी कंपन्यांशी केलेल्या व्यवहारांनी फुगले होते. शेअर बाजारातली कंपनी सांभाळण्याइतका हा माणूस विश्वासार्ह नाही, असा निष्कर्ष निरीक्षकांनी काढला. एखादा संपला असता. याने १९७४ मध्ये पर्गमॉन परत मिळवलं आणि १९८४ मध्ये मिरर वृत्तपत्र समूहही घेतला.

पुढे कर्ज डोक्यावरून गेलं. १९९१ मध्ये त्याने लाडकं पर्गमॉन एल्सेवियर या डच कंपनीला ४४ कोटी पौंडांना विकलं. तरी भोक बुजेना. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला कॅनरी बेटांजवळ तो आपल्या आलिशान नौकेवरून समुद्रात पडून मेला. नौकेचं नाव होतं लेडी जिस्लेन. मग कळलं की मिररच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडातले ४० कोटींहून जास्त पौंड गायब आहेत. या धक्क्यातून ब्रिटनने १९९५ मध्ये पेन्शनचा नवा कायदा केला.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत कायदा हलायला आणखी बराच वेळ लागला. २०१४ पासून जर्मनीत, किमान निम्म्या सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा लेखक आपल्या स्वीकृत पेपरची प्रत वर्षभरानंतर मोफत खुली करू शकतो, प्रकाशकाच्या करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. नेदरलँड्सनेही, म्हणजे एल्सेवियरच्या मायदेशाने, २०१५ मध्ये तसाच हक्क दिला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा हक्क नाही. इथे मार्ग निघाला तो एकत्र खरेदीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशक. त्या यादीत एल्सेवियर आहे आणि त्या वर्गणीत भारतीय शास्त्रज्ञांनी फुकट लिहून दिलेले पेपरही आहेत.