भंगलेले देऊळ आणि तुकोबाराय

देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की संतश्रेष्ठ श्री तुकाराम महाराजांचे स्मरण व्हावे, हे अगदी साहजिक आहे. अभंगांचे कर्ते आणि वारकऱ्यांचे दैवत म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या परमार्थाचा आरंभ एका मोडक्या देवळाच्या दुरुस्तीने झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. शिवाय हे काम त्यांनी गाठीला पैसा असताना केले नाही. सारे काही गेल्यावर केले.

इंद्रायणीकाठच्या देहू गावी इ. स. १६०८ च्या सुमारास तुकोबांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. घराणे कुणब्याचे, व्यवसाय वाण्याचा. देहूची महाजनकी, शेतीवाडी, दुकान आणि सावकारी, असे खाऊनपिऊन सुखी घर होते. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूस विठ्ठलाची स्थापना केली होती व पंढरीची वारी घरात पिढ्यानपिढ्या चालत आली होती.

वडीलबंधू सावजी विरक्त वृत्तीचे, त्यामुळे प्रपंचाचा भार लहानपणीच तुकोबांच्या अंगावर पडला. सतरा-अठरा वर्षांचे होतात न होतात तोच आईवडिलांचे छत्र हरपले. भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. एवढ्यावर संकटे थांबली नाहीत. इ. स. १६३० साली पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खन या दोन्ही मुलखांत भीषण दुष्काळ पडला. माणसे आणि गुरे अन्नपाण्यावाचून मेली. त्याच सुमारास विजापूरच्या फौजेने पुणे उद्ध्वस्त केले. अशा काळात कर्ज फेडायचे कोणी आणि दुकानात माल घ्यायचा कोणी? तुकोबांचे दिवाळे वाजले. गुरेढोरे गेली, पत गेली. थोरली पत्नी रखमाबाई उपासमारीने गेली. पाठोपाठ लहानगा संतूही गेला. ज्याच्या घरी गाव धान्य मागायला येई, त्याच्याच घरात अन्नावाचून मृत्यू झाला. या गोष्टीची लाज तुकोबांच्या मनाला फार लागली.

त्या दिवशी तुकोबांनी देवाचे आभार मानले, असे कोणी समजू नये. ते दुःखाने पोळले होते, व्यवहाराला विटले होते. गावाजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसत. मात्र या सैरभैर अवस्थेत एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर आली. वाडवडिलांनी उभारलेले विठ्ठलाचे देऊळ भंगले होते. स्वतःचे घर विस्कटलेले असताना देवाचे घर नीट करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. मजुरीला पैसा नव्हता. म्हणून माती कालवून स्वतःच्या हातांनी त्यांनी भिंती सावरल्या, असे परंपरा सांगते.

देऊळ उभे राहिले, तेव्हा तेथे एकादशीचे कीर्तन सुरू झाले. कीर्तनाचा अभ्यास नव्हता. म्हणून त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. पुढे स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला, नामदेवरायांनी कवित्वाची आज्ञा केली आणि अभंगांचा ओघ सुरू झाला. मातीच्या कामातून ही अशी एकेक पायरी चढली गेली.

सावकारीची कागदपत्रेही घरात होती. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याचे कागद तुकोबांनी इंद्रायणीत सोडले, असे सांगतात. दुष्काळाने मोडलेल्या कुळांच्या मानेवरचे ओझे त्यामुळे उतरले. भूक काय असते हे ज्याने स्वतःच्या घरात पाहिले, त्यालाच हे सुचले.

पुढे त्याच इंद्रायणीने त्यांची दुसरी परीक्षा घेतली. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी त्यांच्या कवित्वाला आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा देवळासमोर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. देवाशी भांडले, त्याला बोल लावला. वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यानंतर आपण देवाला उगाच भरीस घातले, याचीच खंत तुकोबांना वाटली. आणि ज्यांनी विरोध केला, ते रामेश्वर भट पुढे त्यांचे शिष्य झाले.

मागे वळून पाहताना तुकोबांनी दिवाळे, दुष्काळ आणि जनातील अपमान हे सारे आपल्या हिताचेच झाले, असा निर्वाळा दिला. दुःख गोड होते, असे त्यांना म्हणायचे नव्हते. त्या दुःखातही देवाने हात सोडला नव्हता आणि त्यानेच वाट दाखवली, हे त्यांना उमगले होते. तरीही या परमार्थाची झळ घराने सोसली, हे विसरता कामा नये. धाकटी पत्नी जिजाबाई यांनी ओढाताणीत मुलेबाळे वाढविली. रागावत का होईना, पण डोंगरावर त्यांना भाकर पोहोचविली. ज्या देवाला त्या बोल लावीत, त्याच देवाचा चांगुलपणा त्यांच्या हातच्या भाकरीतून तुकोबांपर्यंत पोहोचत होता.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांनी इहलोक सोडला. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. आजही दर आषाढीला देहूची पालखी लाखो वारकऱ्यांसह पंढरीस जाते.

कोणत्याही गावाचा जीर्णोद्धार सुखासुखी होत नाही. कुठे पीक बुडालेले असते, कुठे घरात आजारपण असते, कुठे ठरलेले काम अर्ध्यावर अडते. तरीही कोणी पावती फाडतो, कोणी बैलगाडीभर दगड आणतो, कोणी चार दिवस अंगमेहनत देतो. संकट सरल्यावर देवाकडे वळू, असे तुकोबा म्हणाले नाहीत. संकटातच त्यांनी मातीत हात घातला. देवळाच्या कामाला ज्यांचा हात लागला, त्या सर्वांना तुकोबांचा हा वारसा लाभला आहे.