मातृभाषेतून हिशेब शिकविणारे आचार्य : लुका पाचोली

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच जी द्विनोंदी पद्धती शिकावी लागते, ती छापील ग्रंथाच्या रूपाने जगापुढे प्रथम मांडणारे लुका पाचोली हे व्यापारी नव्हते, सावकार नव्हते, की कोण्या दरबाराचे फडणीसही नव्हते. ते गणिताचे शिक्षक होते आणि फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी होते. संगणकाच्या युगात हिशेबनिसाच्या व्यवसायाचे पुढे काय होणार, हा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाचे पुढे काय होणार, हा त्याच्याच जोडीने येणारा दुसरा प्रश्न. सव्वापाचशे वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाच्या चरित्रात दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

इटलीतील तोस्काना प्रांतात सानसेपोल्क्रो नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४४७ च्या सुमारास लुका यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. त्या काळी इटलीतील मुलांपुढे शिक्षणाच्या दोन वाटा असत. एक वाट लॅटिन शाळेची. ती धर्मपीठाकडे, न्यायालयाकडे आणि विद्यापीठाकडे जाई. दुसरी वाट अबाको शाळेची. तेथे बोलीभाषेतून व्यापारी गणित शिकवीत. त्रैराशिक, व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, वजनेमापे आणि नाण्यांचे हिशेब असा तेथील अभ्यास असे. प्रतिष्ठा पहिल्या वाटेला होती, तर उपजीविका दुसऱ्या वाटेने मिळे. लुका यांची जडणघडण व्यापारी गणिताच्या या दुसऱ्या वाटेवर झाली. थोर चित्रकार आणि भूमितिज्ञ पिएरो देल्ला फ्रांचेस्का हे याच गावचे. त्यांच्या विद्वत्तेची छाया लुका यांच्या पुढील सर्व कार्यावर पडलेली दिसते.

सतरा-अठरा वर्षांचे असताना लुका व्हेनिसला गेले. पूर्वेकडून येणारी मिरी, रेशीम आणि सुती कापड तेव्हा व्हेनिसच्या धक्क्यावर उतरून युरोपभर जात असे. तेथील रोंपियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकविण्याचे काम लुका यांना मिळाले. दिवसा शिकवणी, फावल्या वेळात व्यापाराची कामे आणि जोडीला डोमेनिको ब्रागादिनो यांच्याकडे गणिताचे अध्ययन, असा त्यांचा क्रम होता. व्यापाऱ्याची वही प्रत्यक्ष कशी लिहिली जाते, हे त्यांनी ग्रंथात नव्हे, पेढीवर पाहिले. १४७० साली त्यांनी आपला पहिला गणितविषयक ग्रंथ लिहिला, तो या तीन विद्यार्थ्यांसाठीच.

या वह्यांत जे अंक लिहिले जात, त्यांचे मूळ भारतात होते. अरबांच्या द्वारे ते युरोपात पोहोचले आणि पिसाच्या लिओनार्दो यांनी १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांचा भारतीय अंक म्हणूनच परिचय करून दिला. तरीही जुन्या पिढीने त्यांचे स्वागत केले नाही. १२९९ साली फ्लोरेन्सच्या सावकार-संघाने वह्यांमध्ये हे अंक लिहिण्यास मनाई केली. शून्याला एखादी रेघ जोडली की त्याचा सहा किंवा नऊ करता येतो, अशी लबाडीची भीती नव्या अंकांविषयी बोलून दाखविली जाई. पाचोली यांच्या काळापर्यंत हे अंक व्यापारात रुळले होते. रोमन अंकांनी हिशेब ठेवणाऱ्या जुन्या कारकुनाचे कौशल्य मागे पडले; हिशेब मात्र मागे पडला नाही, उलट वाढला.

व्हेनिसनंतर पाचोली काही काळ रोममध्ये वास्तुविशारद लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांच्या घरी राहिले. आल्बेर्ती हे लोकभाषेतील लेखनाचे पुरस्कर्ते होते. पुढे पाचोली यांनी संन्यासदीक्षा घेतली, परंतु अध्यापन सोडले नाही. १४७७ पासून पेरुजा येथे त्यांनी गणित शिकविले आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्यानंतर झारा, नेपल्स, रोम अशा अनेक नगरांतून त्यांची भ्रमंती चालू राहिली.

वीस-पंचवीस वर्षांच्या या अध्यापनाचे फळ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध झाले. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि प्रमाण यांचे सार सांगणारा ‘सुम्मा’ हा सुमारे सहाशे पानांचा ग्रंथ त्यांनी उर्बिनोच्या तरुण ड्यूकला अर्पण केला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना हा ग्रंथ मुख्यतः इटालियन बोलीत लिहिलेला आहे. लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य माणसाला शास्त्राचा उपयोग व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती. त्यांच्या भाषेत तोस्काना आणि व्हेनिसच्या बोली मिसळल्या आहेत, मध्येच लॅटिन शब्दही डोकावतात. पण पेढीवरच्या उमेदवाराला ती कळत होती, आणि तेवढेच त्यांना हवे होते.

या ग्रंथातील हिशेबावरील प्रकरण छत्तीस अध्यायांचे आहे. व्यापाऱ्याला तीन गोष्टी हव्यात, असे पाचोली सांगतात : भांडवल किंवा पत, हिशेबात तरबेज असा माणूस, आणि सर्व व्यवहार एका दृष्टिक्षेपात दिसावेत अशी व्यवस्था. आरंभ करायचा तो मालमत्तेच्या मोजदादीपासून. रोकड, दागिने, कपडे, माल, घर, जमीन, येणे आणि देणे यांची यादी एकाच दिवशी पूर्ण करावी, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या नमुन्याच्या यादीवर ८ नोव्हेंबर १४९३ ही तारीख आढळते.

त्यानंतर तीन वह्या. पहिली कच्च्या टिपणाची. व्यवहार ज्या नाण्यात झाला त्या नाण्यात, झाला तसा, तपशीलवार लिहायचा. मालक घरी नसेल तर घरातील लिहिता येणाऱ्या स्त्रियांनी किंवा नोकरांनीही ही नोंद करावी, अशी त्यांची सूचना आहे. दुसरी वही रोजकीर्द. तेथे प्रत्येक व्यवहार एकाच चलनात बदलून त्याच्या नावे आणि जमा अशा दोन बाजू निश्चित करायच्या. तिसरी खतावणी. तेथे प्रत्येक खात्याचे पान वेगळे. रोखीने कापड घेतले तर कापडखात्याच्या नावे आणि रोकडखात्याला जमा, अशी एकाच व्यवहाराची दोनदा नोंद होते. शेवटी तेरीज काढायची. नावे बाजूची आणि जमा बाजूची बेरीज जुळली नाही, तर कोठेतरी चूक आहे असे समजून चिकाटीने ती शोधून काढायची. व्यापाऱ्यांनी आपल्या वह्या अधिकाऱ्यांकडे नेऊन प्रमाणित करून घ्याव्यात, हेही ते सांगतात. वहीवर आपल्याखेरीज दुसऱ्याचाही विश्वास बसला पाहिजे, हा विचार त्यामागे आहे, आणि लेखापरीक्षकाच्या कामाचा पायाही तोच आहे.

ही पद्धती पाचोली यांनी शोधून काढली नाही, आणि तसा दावाही केला नाही; आपण व्हेनिसची रीत सांगत आहोत, असेच त्यांनी नमूद केले. जेनोआ नगराच्या १३४० सालच्या वह्या याच पद्धतीने लिहिलेल्या आहेत. बेनेदेत्तो कोत्रुली यांनी १४५८ साली या विषयावर लिहिले होते. परंतु ते लेखन १५७३ पर्यंत छापलेच गेले नाही. पाचोली यांचे श्रेय निराळे आहे. पेढ्यापेढ्यांतून उमेदवारी करून मिळणारी ही विद्या त्यांनी शिक्षकाच्या शिस्तीने पायरीपायरीने मांडली आणि छापखान्याच्या साहाय्याने सर्वांच्या हाती दिली. १५४३ साली लंडनमध्ये तिच्यावर आधारलेले इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षी अँटवर्पमध्ये यान इंपिन या व्यापाऱ्याचे डच पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केले.

‘सुम्मा’मुळे पाचोली यांना मिलानच्या दरबाराचे निमंत्रण आले. तेथे लिओनार्दो दा विंची होते. त्यांनी ११९ सोल्दी देऊन हा ग्रंथ विकत घेतल्याची नोंद त्यांच्या टिपणवहीत आहे. वर्गमुळांचा गुणाकार लुका गुरुजींकडून शिकायचा, असेही त्यांनी स्वतःला बजावून ठेवले आहे. दोघांचा स्नेह जडला. प्रमाणशास्त्रावरील पाचोली यांच्या पुढील ग्रंथासाठी लिओनार्दो यांनी घनाकृतींची सुंदर चित्रे काढली. १४९९ साली फ्रेंच सैन्याने मिलान घेतले, तेव्हा दोघेही तेथून निघून फ्लोरेन्सला आले. १५०९ साली तो ग्रंथ छापून निघाला. त्यातील एक भाग म्हणजे पिएरो यांच्या लॅटिन ग्रंथाचे इटालियन रूपांतर होते, आणि मूळ लेखकाचे नाव तेथे नव्हते. यावरून वासारी यांनी पुढे त्यांना कठोर दोष दिला. प्रत्येक देण्याची नोंद करायला शिकविणाऱ्या माणसाच्या खात्यातील हे एक देणे नोंदविल्यावाचून राहिले, हे मान्य केलेच पाहिजे.

१५१७ साली सानसेपोल्क्रो येथेच पाचोली यांचे निधन झाले. त्यांच्या मागे व्यवसायाचे रूप वारंवार बदलत गेले. रेल्वे आणि भागभांडवलाच्या कंपन्या आल्या, तेव्हा मालक आणि व्यवस्थापक वेगळे झाले आणि तटस्थ तपासनिसाची गरज भासू लागली. १८५४ साली एडिनबरोच्या लेखापालांना राजसनद मिळाली. स्वतंत्र भारतात १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था १ जुलै रोजी अस्तित्वात आली. पुढे लाल कापडाच्या चोपड्यांची जागा संगणकाने घेतली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर विवरणपत्रेही संगणकाच्या पडद्यावरच भरली जाऊ लागली. आता बेरीज, खतावणी आणि तेरीज ही कामे यंत्र क्षणात करते.

तथापि तेरीज जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे. रक्कम चुकीच्या खात्यात गेली, किंवा न झालेला व्यवहार दोन्ही बाजूंना लिहिला, तरी बेरजा जुळतातच. कच्च्या टिपणातील पहिली नोंद खरी आहे का, हे विचारणारा माणूस लागतोच. रोमन अंक गेले, हस्तलिखित वही गेली. प्रत्येक वेळी ज्याचे काम केवळ हात चालविण्याचे होते त्याचे काम गेले आणि ज्याला व्यवहार समजत होता त्याचे वाढले. या व्यवसायाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी नवी साधने अवश्य शिकावीत, इंग्रजीही उत्तम शिकावी. परंतु व्यवहार समजून घेण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत लवकर लागते. महाराष्ट्रापासून दूर राहून मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांनी पाचोली यांची वाट याकरिता आठवावी.

१९९४ साली ‘सुम्मा’ला पाचशे वर्षे झाली, तेव्हा इटलीने पाचोली यांच्या स्मरणार्थ ५०० लिरांचे नाणे काढले. आयुष्यभर इतरांच्या नाण्यांचे हिशेब शिकविणाऱ्या एका निर्धन संन्यासी शिक्षकाची मुद्रा नाण्यावर उमटली.