डॉ. लुसी विल्स : रक्तक्षयाचा शोध आणि बाळाचा मेंदू

नाशिकजवळचे एकलहरे असो वा मुंबई, गर्भवतीला सरकारी आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. त्यातील फॉलिक आम्लाची कहाणी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांपासून सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकल्यानंतर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईस आल्या. गरोदरपणात बळावणाऱ्या एका घातक रक्तक्षयाने येथे गरीब स्त्रिया दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी त्याचा शोध आरंभला. जंतुसंसर्गाचा संशय फिटला. दोष निकृष्ट आहाराकडे जाऊ लागला. उंदीर व माकडांवरील प्रयोगांत यीस्टच्या अर्काने, म्हणजे स्वस्त अशा मार्माइटने, गुण येतो असे दिसले. मग रुग्ण स्त्रियाही त्याने बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे, हे मात्र कोणासच सांगता येईना. जग त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले आणि पुढे कोडे सुटले.

विल्स यांचे लक्ष मातेच्या रक्तावर होते. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा या जीवनसत्त्वाचा बाळाच्या मेंदूशी असलेला संबंध सिद्ध व्हायचा होता. गर्भात मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू व कवटीचा मोठा भाग घडतच नाही. खाली राहिली तर कणा दुभंगतो. आधीच्या खेपेस असे मूल झालेल्या मातांवर सात देशांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये जाहीर झाला. गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल घेतलेल्यांत हे व्यंग ७२ टक्क्यांनी घटले होते.

अडचण वेळेची आहे. आपल्याला दिवस गेले आहेत, हे अनेक स्त्रियांना कळते तोवर ती नलिका मिटत आलेली असते. केंद्रात नावनोंदणी तर त्याहून उशिरा होते. रक्तक्षयासाठी त्यानंतरची गोळीही कामाची. मेंदूच्या या पहिल्या टप्प्यासाठी मात्र ती लग्नानंतर, दिवस राहण्यापूर्वीच सुरू व्हावी लागते.