ताराबाई मोडक : अंगणातलं साहित्य आणि आजचा आलेख



ऑनलाइन आलेखाचा उपक्रम घेताना मुलांना स्वतःचे फोटो टाकू द्यावेत का, असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. वेळ जातो, मुलं भरकटतात, त्यापेक्षा तयार चित्र द्यावं, असंही काहींचं म्हणणं असतं. उत्तर शोधण्याआधी आपल्याच पालघर जिल्ह्यात काम केलेल्या ताराबाई मोडक यांचं आयुष्य पाहू या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, माहेरचं आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे विचार होते. मुलींनी शाळेत जाणंही दुर्मिळ होतं त्या काळात, १९१४ साली, त्या बी.ए. झाल्या. पुढे संसार टिकला नाही; पदरात लहान मुलगी होती. तरी त्या खचल्या नाहीत. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. मोठ्या मानाचं पद! पण भावनगरला गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करत होते. ताराबाई ते पद सोडून तिकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवायची, हा त्यामागचा विचार.

नंतर मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहारचं काम उभं केलं. पण शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांपुरतंच हे राहणार का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. कुणाला घरचं काम, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतल्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर आलं. तिथली आदिवासी मुलं गुरांमागे जात, तर शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा.

आता आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची गोष्ट. माँटेसरीचं विकतचं साहित्य महाग होतं. ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. त्यात पैसे वाचलेच, पण मोठा फायदा वेगळा होता. रोज हातात असलेली वस्तू मोजायला मुलाला भीती वाटत नाही.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या.

आता मोखाड्याकडे या. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय आहे? सूर्यमाळचा उतार, नागलीची शेतं, कुडाच्या घराचं छप्पर, तारपा, भिंतीवरची वारली चित्रं. जिओजेब्रात फोटो टाकता येतो, त्याचे कोपरे ठरावीक बिंदूंवर बसवता येतात. मग पाचवी-सहावीचं पोर वारली माणसाच्या दोन त्रिकोणांचे शिरोबिंदू वाचेल, सममितीचा अक्ष शोधेल. वरच्या वर्गातलं छपरावर रेषा बसवून चढ काढेल. रेषा जुळली नाही तर ते स्वतःच आकडा बदलून बघेल, कारण छप्पर त्याच्या घराचं आहे. तयार चित्रात हा हट्ट येत नाही.

मात्र काही पथ्यं पाळा. फोटो वस्तूंचे घ्या, मुलांच्या चेहऱ्यांचे नकोत. इतरांना दाखवण्याआधी शिक्षकांनी बघावेत. वेळ जातो हे खरं, म्हणून एका मुलाला एकच फोटो, आणि तो आदल्या दिवशी काढलेला. फोटो समोरून, सरळ घ्यायला सांगा. तिरका घेतला तर चढ चुकतो. पालकांनो, त्यासाठी पाच मिनिटं मोबाईल द्या, एवढंच.

आणि रेंज नसेल तर? चौकटीच्या वहीत तेच चित्र काढा, अक्ष आखा. ताराबाईंनी शाळा कुरणात नेली, तेव्हा तरी कुठे सगळं हाताशी होतं!