डॉ. भाऊ दाजी लाड आणि मुंबईचें वस्तुसंग्रहालय

मुंबई पाहावयास आलेला परगांवचा मनुष्य भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेल्यावांचून सहसा परत जात नाहीं. वाघ, माकडें व पांखरें पाहून झालीं, मुलांचे पाय दुखूं लागले, म्हणजे मग बागेलगतच्या त्या उंच खांबांच्या इमारतींत सावलीसाठीं डोकावण्याची त्यास बुद्धि होते. आंत नक्षीदार लोखंडी खांब, सोनेरी रंगकाम, वरच्या मजल्यास चहूंकडून फिरणारा सज्जा. कांचेच्या कपाटांत हस्तिदंत, चांदी, माती व लांकूड यांचें कसबी काम. निरनिराळ्या पोशाखांतील लोकांच्या मातीच्या लहान लहान प्रतिमा आणि जुन्या मुंबईचे नकाशे. हें सर्व पाव तासांत उरकून मंडळी बाहेर पडतात. ज्यांचें नांव ह्या इमारतीस इ. स. १९७५ सालीं देण्यांत आलें ते डॉ. भाऊ दाजी लाड कोण होते, असें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस विचारलें, तर नीट उत्तर देणारीं मुलें फार थोडीं निघतात. ह्या थोर पुरुषाचें चरित्र त्यांस थोडक्यांत ठाऊक व्हावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल. घरांत त्यांस भाऊ म्हणत व त्यांच्या वडिलांस दाजी म्हणत. ह्या दोन घरगुती हांकांचें मिळून जगास ठाऊक असलेलें नांव तयार झालें. त्यांचा जन्म इ. स. १८२२ च्या सुमारास गोमंतकांतील पेडणें महालांत, मांद्रें गांवीं, एका गरीब सारस्वत कुटुंबांत झाला. पुढें हें कुटुंब मुंबईस आलें. मुलगा बुद्धिबळांत विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थानें, ह्यास इंग्रजी शिक्षण द्याच, असा वडिलांपाशीं आग्रह धरिला. कोणाच्या आयुष्याची वाट कोठें वळेल हें सांगतां येत नाहीं. येथें ती पटावरच्या प्याद्यांनीं वळविली.

एल्फिन्स्टन विद्यालयांत भाऊंनीं उत्तम नांव मिळविलें आणि तेथेंच ते शिक्षक झाले. कच्छ व काठेवाड ह्या प्रांतांत मुली जन्मतांच मारण्याची जी क्रूर चाल होती तिजवर त्यांनीं एक निबंध लिहिला, व त्यास बक्षीस मिळालें. इतक्यांत इ. स. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. शिक्षकाची मिळती नोकरी सोडून भाऊ पुन्हां विद्यार्थ्यांच्या बांकावर जाऊन बसले. ज्या काळीं उच्चवर्णीय हिंदु मुलानें प्रेतास हात लावणें म्हणजे घरादाराचा रोष ओढवून घेणें होतें, त्या काळची ही गोष्ट आहे. इ. स. १८५१ सालीं ह्या कॉलेजाचे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ एक होते.

त्यांनीं वैद्यकीचा धंदा सुरू केला व थोड्याच काळांत त्यांस मोठा लौकिक प्राप्त झाला. त्यांचे धाकटे बंधु नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. ह्या दोघां भावांनीं गोरगरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना चालविला. धनिकांकडून आलेला पैसा ह्या दाराकडून त्या दाराकडे जावा, तसा भाऊंच्या हातून जात असे. महारोगाच्या औषधाचा त्यांनीं विशेष ध्यास घेतला. कडू कवठीच्या बियांचें तेल ह्या रोगावर गुणकारी ठरतें कीं काय ह्याचे प्रयोग त्यांनीं पुष्कळ वर्षें केले. ज्यांच्या सावलीस लोक भीत, ज्यांच्या अंगास आपल्या प्रभूनें स्वतः हात लाविला, त्या माणसांस जवळ बसवून, त्यांचे व्रण पाहून हे शहरांतील नामांकित डॉक्टर टिपणें करीत. आमच्या मतें त्यांच्या सर्व कामांत हें काम पहिल्या पंक्तीचें आहे.

सार्वजनिक कार्यांत त्यांचें अंग नाहीं असें एकही क्षेत्र उरलें नव्हतें. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं बाँबे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या पहिल्या चिटणिसांत ते होते. मुंबई विद्यापीठाच्या आरंभींच्या फेलोंत ते होते. विद्यार्थ्यांच्या ज्या वाङ्मयीन व शास्त्रीय सभेनें शहरांत मुलींच्या शाळा काढिल्या, तिचे ते पहिले एतद्देशीय अध्यक्ष. विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळी मुंबईंत आली तेव्हां तिच्याही पाठीशीं ते उभे राहिले. इ. स. १८६२ सालीं वल्लभपंथी महाराजांच्या दुराचारावर लिहिल्याबद्दल करसनदास मुळजींवर अब्रूचा खटला झाला. त्यांत आपल्या मिशनचे प्रसिद्ध विद्वान् डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं साक्ष दिली व भाऊंनींही डॉक्टर ह्या नात्यानें साक्ष दिली. श्रीमंत रोग्यांच्या घरचा रोष पत्करून सत्य बोलणें धंद्याच्या माणसास सोपें नसतें. इ. स. १८६९ व १८७१ अशा दोन वेळां त्यांस मुंबईचे शेरीफ नेमण्यांत आलें.

आतां वस्तुसंग्रहालयाकडे वळूं. लंडन येथें इ. स. १८५१ सालीं सर्व राष्ट्रांच्या कलाकौशल्याचें मोठें प्रदर्शन भरलें, व तसेंच दुसरें इ. स. १८५५ त पॅरिस येथें. तेव्हांपासून आपल्या इलाख्यांतील धान्यें, तेलें, लांकडें, विणकर, कुंभार व तांबट ह्यांच्या हातचे जिन्नस एके ठिकाणीं मांडून ठेवावे अशी कल्पना निघाली, आणि कोटांतील टाउन बराकींत असा एक संग्रह जमूं लागला. इ. स. १८५७ च्या धामधुमींत शिपायांसाठीं ती बराक हवी झाली. लष्करी अधिकाऱ्यानें जागा तात्काळ रिकामी करण्याचा हुकूम दिला, आणि तो सर्व संग्रह खिडक्यांतून खालीं फेकण्यांत आला. दोन वर्षांच्या मेहनतीचा एका दिवसांत ढीग झाला. आजच्या मुलांस हें वाचून हसूं येईल. परंतु हुकूम देणाऱ्यास तें सामान म्हणजे अडगळ वाटली ह्यांत आश्चर्य नाहीं. ज्यास मडकें म्हणजे मडकेंच दिसतें, त्यास त्याचें संग्रहालय कशास हवें हें कळावें कसें?

त्या ढिगांतून जें वांचलें तें डॉ. जॉर्ज बर्डवुड ह्यांनीं संभाळलें. हे गृहस्थ जन्मानें बेळगांवचे व ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्राध्यापक होते. इ. स. १८५८ च्या अखेरीस टाउन हॉलांत सभा भरून, राणीच्या नांवानें एक कायमचें वस्तुसंग्रहालय व त्याभोंवतीं बाग करण्याचें ठरलें. समितीचे अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, आणि चिटणीस दोघे: बर्डवुड व भाऊ दाजी. चिटणिसाचें काम म्हणजे काय हें ज्यानें कधीं वर्गणी गोळा केली असेल त्यासच समजेल. शेटजींच्या पेढ्यांवर खेपा घालावयाच्या, ज्याचें त्याचें मानपान राखावयाचें, आणि आंकडा घातलेल्या गृहस्थांस तो आंकडा वारंवार आठवून द्यावयाचा. भाऊंनीं परकी राणीच्या नांवाच्या इमारतीसाठीं एवढी धडपड कां केली, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारील. आम्हांस वाटतें कीं, त्यांस पाटीवरच्या नांवापेक्षां आंतील कपाटें महत्त्वाचीं वाटत होतीं. इमारत उभी राहिली तर ह्या देशांतील कारागिरांचें काम ह्या देशांतील माणसांस पाहावयास मिळेल, नाहींतर सगळेंच जहाजांतून लंडनला जाईल, एवढें त्यांस स्वच्छ दिसत होतें. घारापुरीच्या दगडी हत्तीचीच कथा पाहा. त्यास इंग्लंडला नेण्याचा घाट इ. स. १८६४ सालीं घालण्यांत आला. उचलतांना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढें इ. स. १९१४ सालीं जोडून हा हत्ती ह्याच संग्रहालयाच्या आवारांत उभा करण्यांत आला.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं कोनशिला बसविली. तेव्हां अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसाचें सोनें होत होतें आणि पैसा पाण्यासारखा वाहत होता. इ. स. १८६५ सालीं ती लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, बँका व कंपन्या बुडाल्या, आणि वर्गणीचा ओघ आटला. इमारत अर्धवट उभी राहिली. शेवटीं सरकार व म्युनिसिपालिटी ह्यांच्या पैशानें काम तडीस गेलें, व २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. सभेपासून हिशेब केला तर तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. बर्डवुडसाहेब तोंपर्यंत विलायतेस परत गेले होते.

परंतु भाऊंचें खरें संग्रहालय त्या इमारतींत नव्हतें. तें त्यांच्या टेबलावर व कपाटांत होतें. जुनीं नाणीं, ताम्रपट, हस्तलिखितें, शिलालेखांचे ठसे ह्यांचा त्यांस जबरदस्त नाद होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते सभासद व पुढें उपाध्यक्ष झाले. इ. स. १८३५ सालीं डॉ. विल्सन ह्यांनीं गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल करवून ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे पाठविली होती, व प्रिन्सेपनें दोन वर्षांत ती लिपि उलगडली होती. भाऊ ह्याच मार्गानें पुढें गेले. भेद इतकाच कीं, हा देशी पंडित उतारा दुसऱ्याकडे पाठवीत न बसतां स्वतः वाचीत असे. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनीं वाचले. गिरनारच्या त्याच शिळेवरील रुद्रदामन् व स्कंदगुप्त ह्यांचे लेख वाचले. लेण्यांतील लेखांत व क्षत्रपांच्या नाण्यांवर जे जुने अंक येतात ते त्यांनीं लाविले. आणि अंक लागल्यावांचून राजांच्या कालाचा क्रम लागत नाहीं हें इतिहास शिकणाऱ्या मुलांस सांगावयास नको.

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें म्हणून गांव आहे. तेथील देवळांत भाऊंस एक शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला, असें त्यांत कोरलें आहे. लीलावतीचें गणित ज्यांनीं शाळेंत पाहिलें आहे त्यांनीं जरा विचार करावा: सहाशेंहून अधिक वर्षें तो दगड बोलत होता, आणि ऐकावयास कोणी नव्हतें. आर्यभटाच्या ग्रंथाची पोथी मिळवून त्याचा जन्म शके ३९८, म्हणजे इ. स. ४७६ चा, हेंही त्यांनीं दाखविलें. तो निबंध इ. स. १८६५ त लंडनच्या सोसायटीच्या मासिकांत छापला गेला. त्यांचे सर्वच तर्क टिकले असें नाहीं. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, हें मत त्यांनीं मोठ्या हिरीरीनें मांडलें. पुढील पंडितांनीं तें टाकून दिलें. एवढा व्याप संभाळणाऱ्या माणसाच्या हातून क्वचित् घाई झाली, असें आम्हांस वाटतें. रोगी, सभा, वर्गण्या व शिलालेख ह्यांपैकीं दोन सोडून दोनच धरिले असते तर मोठे ग्रंथ झाले असते. त्याऐवजीं विखुरलेले निबंध राहिले.

सर्व ठिकाणीं स्वतः जाणें शक्य नव्हतें, म्हणून इ. स. १८६० नंतर लवकरच त्यांनीं जुनागडहून एका तरुणास बोलावून घेतलें. त्याचें नांव भगवानलाल इंद्रजी. त्यास इंग्रजी फारसें येत नव्हतें, पण लहानपणापासून गिरनारच्या शिळेपाशीं बसून त्यानें जुनीं अक्षरें गिरविलीं होतीं. भाऊंनीं त्यास मदतनीस म्हणून ठेविलें व आपल्या खर्चानें देशभर फिरविलें. तो रानावनांतून, पडक्या देवळांतून लेखांचे ठसे घेऊन येई, आणि मग दोघे ते लावीत बसत.

हा खर्च भाऊ कोठून करीत? इ. स. १८६५ च्या शेअरबाजारांत त्यांचीही मिळकत बुडाली होती. त्यानंतर जें कांहीं चाललें तें नित्याच्या मेहनतीवर चाललें. शेवटच्या दिवसांत त्यांस अर्धांगवायूनें गांठलें. ज्या हातांनीं नाडी पाहिली व ठसे घेतले ते लुळे पडले, इ. स. १८७४ च्या मे महिन्यांत त्यांचें देहावसान झालें. नारायण दाजी जवळ होतेच, परंतु महारोगाच्या औषधाचें काम भाऊंच्या पश्चात् त्या जोमानें चाललें नाहीं. त्यांच्या निबंधांचा संग्रह इ. स. १८८८ सालीं निघाला, तोही मुंबईंत नव्हे, कलकत्त्यास! त्यांच्या नांवाचा हस्तलिखितांचा संग्रह टाउन हॉलांत एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. म्हणून ज्यांस भाऊंचें काम पाहावयाचें असेल त्यांनीं भायखळ्यास थांबूं नये. तेथून कोटांत यावें, टाउन हॉलच्या पायऱ्या चढाव्या, व जवळच इ. स. १९२२ सालीं उघडलेल्या, आतां छत्रपति शिवाजी महाराज ह्यांचें नांव धारण करणाऱ्या मोठ्या वस्तुसंग्रहालयांत जुनीं नाणीं व कोरीव दगड ह्यांपुढें अंमळ उभें राहावें. अक्षर ओळखतां आलें नाहीं तरी चालेल, पण पाव तासांत बाहेर पडूं नये.

भगवानलालांनीं गुरूचें काम सोडिलें नाहीं. इ. स. १८८२ सालीं त्यांनीं सोपाऱ्याचा स्तूप खणला व त्यांत बुद्धाच्या लहान मूर्ति आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे असलेली दगडी पेटी सांपडली. ती टाउन हॉलांत आली. त्यापूर्वीं, भाऊ हयात असतांना, इ. स. १८६९ त मथुरेस शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरींत बसविलेला एक तांबड्या दगडाचा सिंहयुग्माचा खांबमाथा त्यांच्या दृष्टीस पडला होता. त्यावर सर्व बाजूंनीं खरोष्ठी अक्षरें कोरलेलीं होतीं. इ. स. १८८८ त भगवानलाल वारले, तेव्हां मृत्युपत्रान्वयें तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे गेला व तेथेंच आहे. तो ज्या प्रवासांत सांपडला, त्या प्रवासाचा खर्च शेअरबाजारांत बुडालेल्या डॉक्टर भाऊंनीं केला होता.