टोन्ड दुधामागचा माणूस

मेसच्या चहाला नावं ठेवणं हा हॉस्टेलवरच्या प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क आहे. मीही तो रोज बजावतो. एकदा असाच चहाच्या नावाने बोंब मारत असताना मेसमध्ये पडलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशवीवर नजर गेली. तिच्यावर ‘टोन्ड’ असं लिहिलं होतं. म्हणजे नेमकं काय, ते आमच्या टेबलावर कुणालाच सांगता येईना. शोधायला बसलो आणि पोचलो थेट आरे कॉलनीत!

तोवर आरे म्हणजे माझ्यासाठी गोरेगावहून पवईला यायचा झाडीतला रस्ता, छोटा काश्मीरची बाग आणि मेट्रो कारशेडची भांडणं, एवढंच होतं. ही वसाहत आणि ‘टोन्ड’ हा शब्द, दोन्ही एकाच सरकारी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाले, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव दारा नुसेरवानजी खुरोडी.

खुरोडी यांचा जन्म २ जानेवारी १९०६ चा. तरुणपणी त्यांनी खासगी आणि सरकारी अशा दोन्ही प्रकारच्या डेअऱ्यांत काम केलं, त्यामुळे धंद्याच्या खाचाखोचा त्यांना आतून माहीत होत्या. पुढे ते मुंबईचे दूध आयुक्त झाले. तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणून बघा. दुसऱ्या महायुद्धाने महागाई आणि टंचाई आणलेली, माणसांची गर्दी वाढतेय आणि भर वस्तीत म्हशींचे तबेले. शेण गटारात, माश्या घरात, दुधात पाणी. पैसेवाल्याला चांगलं दूध मिळायचं, चाळीतल्या पोराच्या वाट्याला यायचं ते पाणीच जास्त.

यावर त्यांनी जो उपाय काढला, तो आपल्याला मास बॅलन्सच्या गणितासारखा सोडवता येतो. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के फॅट असतं. टोन्ड दुधाला ३ टक्के पुरतं. म्हणजे १०० किलो दुधातलं फॅट सुमारे २३३ किलो दुधाला पुरेल. पण नुसतं पाणी ओतलं तर ती भेसळच झाली. म्हणून फॅट सोडून उरलेले घन पदार्थ ८.५ टक्क्यांवर आणायला सुमारे ११ किलो स्किम पावडर घालायची, बाकी पाणी. प्रथिनं टिकतात, दूध दुपटीहून जास्त होतं आणि किंमत उतरते. १९४६ साली मुंबईत असं दूध तयार झालं. टोन्ड हे नावही खुरोडींनीच दिलं. नंतर कलकत्ता, मद्रास, दिल्लीनेही ही पद्धत उचलली. आपण ज्याला पाणीदार म्हणून हसतो, ते दूध मुळात गरिबाला परवडावं म्हणून मोजूनमापून बनवलं होतं.

दुसरं काम याहून अवघड होतं. तबेलेच शहराबाहेर न्यायचे! १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला आरे दूध वसाहत सुरू झाली. जवळजवळ १२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि १६ हजार जनावरांची सोय. तबेल्यांना ‘युनिट’ म्हणायचे. आजही आरेत पत्ता विचारला की युनिट नंबर सांगतात. खुरोडींनी म्हशी सरकारजमा केल्या नाहीत. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठे, पाणी, वैरण, डॉक्टर ही व्यवस्था सरकारची आणि दूधही सरकार घेणार, अशी ती रचना होती. वैरणीसाठी पॅरा गवत तिथेच लावलं. मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, त्यांनी तिथे रोपही लावलं.

१९६३ साली खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. गंमत म्हणजे परदेशी पावडर घ्यायची की आणंदच्या शेतकऱ्याचं दूध, यावरून खुरोडी आणि कुरियन यांचं चांगलंच वाजलं होतं. कुरियननी आत्मकथेत त्यांच्यावर कडक टीका केली आहे. मला दोघांचंही पटतं. एकाला शहरातलं उपाशी पोर दिसत होतं, दुसऱ्याला खेड्यातला शेतकरी. पुढच्याच वर्षी खुरोडींना पद्मभूषण मिळालं. १ जानेवारी १९८३ ला ते गेले.

इथे गोष्ट संपवली असती तर लेख गोड झाला असता. पण आरेची जमीन रिकामी नव्हती. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे दूध वसाहतीच्या आधीपासून तिथे होते, आजही सत्तावीसेक आहेत. शहराला दूध मिळालं, शहराची घाण हलली. मात्र यातल्या कित्येक पाड्यांना वीज आणि नळाचं पाणी यायला अनेक दशकं जावी लागली. एकदा जमीन सरकारी झाली की तिचे तुकडे पाडणं सोपं जातं. १९७७ मध्ये चित्रनगरी आली, मग आणखी काही. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. नंतर ८१२ एकर राखीव वन झालं, पण कारशेड तिथेच झालं.

तरी एक सांगावंसं वाटतं. १९४९ साली ती जमीन म्हशींसाठी राखली नसती, तर गोरेगाव आणि पवईच्या मधे आज झाडं उरली असती का? मला नाही वाटत. बिबट्या अजूनही तिथे फिरतो, याचं थोडं श्रेय एका डेअरीवाल्या साहेबाला द्यायलाच हवं.

थर्मोच्या पेपरात आपण आधी कंट्रोल व्हॉल्यूम आखतो, मग गणित मांडतो. खुरोडींच्या गणितात तबेलेवाला होता, ग्राहक होता, म्हैस होती. पाड्यावरची माणसं रेषेबाहेर राहिली. उद्या आपल्यातले कुणी मेट्रो बांधतील, कुणी धरण, कुणी सरकारी खुर्चीत बसतील. तेव्हा गणित त्यांच्याइतकंच चोख करूया, फक्त ती रेषा आखण्याआधी एकदा जागेवर चालून येऊया.

आणि हो, मेसच्या चहाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. त्यात दोष दुधाचा नाही, एवढं मात्र आता पटलंय.