हवा मानवेल तिथे

हवामान खात्याच्या कुठल्याही वेधशाळेत गेलात, तर आवारात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी दिसेल. तिला चारही बाजूंनी जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असायच्या तशा तिरक्या पट्ट्यांच्या झडपा असतात. आत तापमापक टांगलेले. ऊन थेट आत जाऊ नये, पाऊस लागू नये, पण वारा मात्र खेळता राहावा, अशी ही सोय. पुण्याचं किंवा नागपूरचं तापमान म्हणून आपण जो आकडा वर्षानुवर्षं वाचत आलो, तो अशाच पेटीतला. तिचं नाव ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’.

ही पेटी एडिंबरोच्या थॉमस स्टीव्हन्सन यांनी 1860च्या दशकात तयार केली. व्यवसायाने ते दीपगृहं बांधणारे इंजिनीअर होते. त्यांना एकच मुलगा, रॉबर्ट लुई. ‘ट्रेझर आयलंड’ आणि ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ लिहिणारा आर. एल. स्टीव्हन्सन तो हाच. वडिलांनी हवा मोजण्याची पेटी केली आणि मुलाचा जन्म गेला आपल्याला मानवेल अशी हवा शोधण्यात.

लुईचा जन्म 13 नोव्हेंबर 1850चा. एडिंबरोवर तेव्हा घरोघरच्या दगडी कोळशाच्या धुराचं छप्पर असे. शहराचं टोपणनावच मुळी ‘धुरकट म्हातारी’ अशा अर्थाचं होतं. त्यात समुद्रावरून येणारं गार धुकं आणि हाडात शिरणारा पूर्वेचा वारा. आईची छाती आधीच नाजूक होती, मुलानेही तेच घेतलं. सुरुवातीची घरं ओलसर, म्हणून 1857मध्ये कुटुंब उन्हाच्या बाजूच्या कोरड्या घरात राहायला गेलं. तरी रात्र रात्र खोकला चालूच. झोप येईना की दाई त्याला उचलून खिडकीशी नेई आणि पलीकडच्या घरांतले मिणमिणते दिवे दाखवी. तिथेही अशीच आजारी मुलं जागी असतील, असं दोघांना वाटे.

मुलाने दीपगृहंच बांधावीत, ही वडिलांची इच्छा. त्याने इंजिनीअरिंगला नावही घातलं. मग ते सोडून वकिलीची परीक्षा दिली आणि वकिली कधी केली नाही. पण घरातलं हवामानशास्त्र थोडं अंगात मुरलं असावं. 1873मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे एक शोधनिबंध मांडला. विषय होता, जंगलांचा तापमानावर होणारा परिणाम.

त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या डॉक्टरांनी त्याला दक्षिणेला जायला सांगितलं. दक्षिण म्हणजे फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचं मेंतों. त्या काळात छातीच्या रोगावर औषध असं नव्हतंच. होती ती हवापालट. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे आणले ते 24 मार्च 1882 रोजी, आणि त्यांच्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला 1943 उजाडावं लागलं. तोवर रोग्याचा पत्ता बदलणे, हाच मुख्य उपचार. आपल्याकडेही पाचगणी आणि मिरजेजवळचं वानलेसवाडी यांची नावं मागच्या पिढ्यांच्या तोंडी होती ती याच कारणाने.

आता ज्याला जगण्यासाठी हवा जपायची आहे, त्याने सांभाळून राहावं की नाही? स्टीव्हन्सन फ्रान्समध्ये फॅनी ऑसबोर्न नावाच्या, वयाने दहा वर्षं मोठ्या, विवाहित आणि दोन मुलांची आई असलेल्या अमेरिकन बाईंच्या प्रेमात पडला. 1879मध्ये त्यांच्यासाठी तो स्थलांतरितांच्या गर्दीने भरलेल्या बोटीतून अटलांटिक ओलांडून आणि तशाच गर्दीच्या आगगाडीतून अमेरिका आडवी ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला. पोचला तो मरणाच्या दारातच. त्या मुक्कामात त्याला छातीतून मोठा रक्तस्राव झाला. यापुढे रक्ताची गुळणी ही त्याच्या आयुष्यातली नेहमीची धास्ती. फॅनीने शुश्रूषा करून त्याला उभा केला, तिचा घटस्फोट झाला आणि मे 1880मध्ये त्यांनी लग्न केलं. मधुचंद्र एका ओसाड पडलेल्या चांदीच्या खाणीच्या पडक्या निवाऱ्यात! खालच्या दरीत धुकं साचे आणि हे त्याच्या वर, कोरड्या हवेत.

लग्नानंतर शोध पद्धतशीर सुरू झाला. पहिला मुक्काम स्वित्झर्लंडमधलं दावोस. आज आपण हे नाव ऐकतो ते जगभरच्या पुढाऱ्यांच्या बैठकीमुळे. तेव्हा ते क्षयरोग्यांचं गाव होतं. उंची सुमारे 1,560 मीटर. अलेक्झांडर स्पेंगलर नावाच्या डॉक्टरांना तिथल्या स्थानिकांमध्ये क्षय आढळला नाही, त्यावरून त्यांनी हवेचं माहात्म्य मांडलं आणि 1865पासून रोगी हिवाळ्यात डोंगरावर राहायला येऊ लागले. स्टीव्हन्सनने तिथे सलग दोन हिवाळे काढले. मधल्या उन्हाळ्यात तो स्कॉटलंडला गेला, तिथे पावसाने घरात कोंडला, सावत्र मुलाबरोबर एका बेटाचा नकाशा रंगवत बसला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ सुरू झालं. पूर्ण मात्र झालं दावोसला. त्याला तिथे बरं वाटलं हे खरं. पण त्या उंचीवर फॅनीच्या छातीत धडधडू लागे. एकाला मानवलेली हवा दुसऱ्याला बाधते, हे हवापालटाच्या चिठ्ठीत कुणी लिहीत नसे. घर दोघांचं असतं आणि चिठ्ठी एकाच्या नावाची.

मग 1883मध्ये दक्षिण फ्रान्समधलं इयेर. टेकडीवरचं लहानसं घर, बाग, समुद्र, ऊन. आपण खऱ्या अर्थाने सुखी होतो ते फक्त तिथेच, असं तो पुढे समजत असे. पण तिथेही रक्तस्राव झाले, शिवाय 1884मध्ये त्या किनाऱ्यावर पटकी आली. सुख असं दीडेक वर्षाचं. नंतरची तीन वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथला, बरीचशी अंथरुणात. वडिलांनी सुनेला घेऊन दिलेल्या या घराला त्याने चुलत्याने बांधलेल्या दीपगृहाचं नाव दिलं, ‘स्केरीव्होर’. ‘जेकिल अँड हाइड’ आणि ‘किडनॅप्ड’ दोन्ही याच घरातली, 1886ची. जिथे प्रकृती सर्वांत वाईट, तिथे लेखणी सर्वांत जोरात, हा हिशेब कुठल्याच डॉक्टरला जमला नसता.

मे 1887मध्ये वडील गेले. आजारी असल्यामुळे लुईला त्यांच्या अंत्ययात्रेलाही जाता आलं नाही. त्यानंतर डॉक्टरांचा सल्ला मानून, विधवा आईसकट सगळं बिऱ्हाड घेऊन तो ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बोटीत बसला. स्कॉटलंड त्याने पुन्हा पाहिलं नाही.

तो हिवाळा न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकला गेला. इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे त्याची गाठ पडली डॉ. एडवर्ड ट्रूडो यांच्याशी. ट्रूडो स्वतः क्षयरोगी. मरायचंच तर आवडत्या अरण्यात मरू, म्हणून तिथे आले आणि जगले. हवेचा गुण खरा की भ्रम, हे पाहायला त्यांनी पंधरा सशांवर प्रयोग केला होता. पाच सशांना क्षयाचे जंतू टोचून अंधाऱ्या, दमट जागेत गर्दीत ठेवलं. पाचांना न टोचता तशाच कोंदट जागेत अर्धपोटी ठेवलं. उरलेल्या पाचांना जंतू टोचले, पण एका लहानशा बेटावर मोकळं सोडलं आणि भरपूर खाऊ घातलं. पहिल्या गटातले चार ससे मेले. दुसऱ्या गटातले रोडावले, पण क्षय कुणालाच झाला नाही. बेटावरच्या पाचातला एक मेला, चार जगले. नुसत्या वाईट हवेने क्षय होत नाही, तो जंतूच लागतो. पण जंतू आल्यावर शरीर टिकतं की नाही, हे राहणीवर बरंचसं ठरतं. पंधरा म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, पण मांडणी पाहण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेतले आजारी प्राणी पाहून स्टीव्हन्सनला शिसारी आली आणि डॉक्टरांशी त्याचे वाद रंगले. पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरत असे. तरी त्या हिवाळ्यात त्याची तब्येत बरी राहिली आणि जागृत क्षयाची लक्षणं ट्रूडोंना त्याच्यात सापडली नाहीत. त्याला क्षय होता की नाही, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे. श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार असावा, असं काही डॉक्टर मानतात. 2000 साली दोन अमेरिकी संशोधकांनी आणखी एक शक्यता मांडली. नाजूक रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होणारा एक आनुवंशिक आजार असतो, आईकडून आलेला तोच याला असावा. तसं असेल तर दावोस काय आणि मेंतों काय, अर्धं आयुष्य चुकीच्या रोगासाठी हवा शोधण्यात गेलं. शिवाय आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा मनुष्य सगळीकडे, सगळ्या हवेत, सतत सिगारेट ओढत होता.

जून 1888मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोहून ‘कॅस्को’ हे शिडाचं जहाज भाड्याने घेतलं आणि कुटुंबासह पॅसिफिकमध्ये शिरला. मार्केझस, ताहिती, हवाई. मग दुसऱ्या जहाजाने गिल्बर्ट बेटं. डिसेंबर 1889मध्ये सामोआतलं आपिया बंदर. जो बोर्नमथला खोलीबाहेर पडत नव्हता, तो आता अनवाणी डेकवर हिंडत होता. कोरडी, थंड, उंचावरची हवा हवी, असं वैद्यकशास्त्र तेव्हा सांगत होतं. सामोआची हवा याच्या बरोबर उलट: दमट, उष्ण, आपल्या कोकणासारखी, आणि पाऊसही तसाच.

पण कायम तिथे राहायचं, हे ठरलं सिडनीमुळे. फेब्रुवारी 1890मध्ये तो सिडनीला गेला आणि लगेच आजारी पडला. जहाजावर चढल्यावर सावरला. पुन्हा सिडनी, पुन्हा अंथरूण. थंडीला दोष देता येत नाही, कारण फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळाच. पुढे 1893मध्ये सिडनीत आणि होनोलुलूतही हेच झालं. सॅरनॅकच्या कडाक्यात तगलेला माणूस उबदार बंदरांत कोसळत होता. मला वाटतं, दोन्ही टोकांच्या हवेत एकच गोष्ट समान होती: माणसं कमी. सर्दी, फ्लू ही गर्दीची देणगी. तो श्रेय हवेला देत राहिला. गुण कदाचित एकांताचा असावा. आणि किंमतही एकांताचीच होती.

त्याने आपियापासून तीन मैलांवर, डोंगराच्या कुशीत जंगल विकत घेतलं. वायलिमा हे त्या जागेचं नाव. सामोआच का, ताहिती का नाही? कारण सॅन फ्रान्सिस्को ते सिडनी जाणारी टपालबोट सामोआवरून जात असे. हवा फुप्फुसांसाठी निवडली आणि बेट टपालासाठी. लेखकाला प्रकाशक लागतो, मित्र लागतात, निदान त्यांची पत्रं तरी.

वायलिमात तो पहाटे उठून लिही, मग कोयता घेऊन रान साफ करी. लाजाळूने त्याचा पिच्छा पुरवला होता. उपटावी तेवढी पुन्हा उगवे. घोड्यावरून आपियाला जाई. सामोअन लोक त्याला ‘तुसिताला’, म्हणजे गोष्टी लिहिणारा, म्हणत. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांनी बेटांवर मांडलेल्या राजकारणात तो उघडपणे सामोअनांच्या बाजूने लिहीत होता. सगळं आलबेल होतं असं नाही. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, त्यामुळे लिखाणाला सुट्टी नाही. 1893मध्ये फॅनीचं मन आजारी पडलं. इथेही हवा एकालाच मानवली. आणि त्याची लेखणी? ती स्कॉटलंडमध्येच राहत होती. नारळाच्या झाडांखाली बसून तो ‘वीअर ऑफ हर्मिस्टन’ लिहीत होता, एडिंबरो आणि भोवतालच्या माळरानांची कादंबरी.

3 डिसेंबर 1894 रोजी सकाळभर त्याने तेच लिहिलं. संध्याकाळी जेवणाच्या तयारीत फॅनीला मदत करत असताना डोकं धरून तो खाली कोसळला आणि काही तासांत गेला. वय 44. ज्या फुप्फुसांसाठी अर्धी पृथ्वी पालथी घातली, त्यांचा यात दोष नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सामोअन मित्रांनी रातोरात जंगल तोडून वाएआ डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून वर नेऊन पुरलं.

वायलिमाच्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. वर्षभर 26–27 अंशांच्या घरात तापमान असलेल्या त्या बेटावरच्या या घरात, भिंतीत बांधलेली एक शेकोटी आजही दाखवतात. ती त्याने मुद्दाम बांधून घेतली होती.